बलाला कर्ता हवा

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातील एका गावात राहते आणि सांगलीला अकरावी विज्ञान शाखेत शिकते. दहावीपर्यंतचे माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. भौतिकशास्त्रातील व्याख्या आणि सूत्रे मला पाठ आहेत, तरीही बल, संवेग आणि ऊर्जा यांवरील गणित समोर आले की सुरुवात कुठून करावी हे सुचत नाही. सोडवलेले गणित वाचले की प्रत्येक पायरी समजते. पुस्तक मिटले की पाटी पुन्हा कोरी. बलाचे सूत्र कधी वापरायचे, संवेगाचे कधी आणि ऊर्जेचे कधी, हे कसे ठरवायचे? शिवाय संवेग आणि ऊर्जा ही दोन्ही गतीचीच मोजमापे असतील, तर दोन कशाला हवीत? मी चुकवलेल्या दोन गणितांच्या पानांचे फोटो सोबत पाठवत आहे.

उत्तर : तुझ्या पत्रापेक्षा तुझ्या वहीच्या पानांनी मला अधिक सांगितले. साताऱ्यात अनेक वर्षे अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवल्यानंतर माझी अशी खात्री झाली आहे की विद्यार्थ्याची अडचण त्याच्या उत्तरात सापडत नाही, ती त्याच्या आकृतीत सापडते. तुझ्या पहिल्या पानावर गुळगुळीत टेबलावरचा ३ किलोग्रॅमचा ठोकळा आहे, टेबलाच्या कडेला कप्पी आहे आणि तिच्यावरून सोडलेल्या दोरीला २ किलोग्रॅमची वस्तू लोंबते आहे. ठोकळ्यापासून पुढे जाणारा एक बाण तू काढला आहेस, तो दोनदा खोडून पुन्हा गिरवला आहेस आणि त्याच्यापाशी ‘गतीचे बल’ असे लिहिले आहेस. हा बाण काढताना तुझा हात अडखळला, ही चांगली खूण आहे, कारण तो बाण तिथे नसायलाच हवा होता. पण तो का नको हे सांगणारी कसोटी तुझ्याजवळ नव्हती. ती कसोटी आधी देतो. सूत्रांची निवड त्यानंतर.

मराठीच्या तासाला तू कर्ता आणि कर्म शिकली आहेस. बलाचे प्रत्येक विधान त्याच साच्यात बसते : पृथ्वीने ठोकळ्याला खाली ओढले, टेबलाने ठोकळ्याला वर ढकलले, दोरीने ठोकळ्याला कप्पीकडे ओढले. आकृतीत बाण काढण्यापूर्वी असे वाक्य तयार करायचे आणि ‘कोणी?’ या प्रश्नाला ‘ने’ लावून उत्तर देता येते का ते पाहायचे. ‘गतीचे बल’ कोणी लावले? ‘गतीने’ असे म्हणता येत नाही, कारण गती ही वस्तू नव्हे. ती ठोकळ्याचीच अवस्था आहे. ज्या बलाला कर्ता नाही, ते बल नाही, म्हणून तो बाण खोडायचा आणि पुन्हा गिरवायचा नाही. वस्तुमान आणि त्वरण यांच्या गुणाकाराचा बाणही याच कारणाने आकृतीत येत नाही. तो गुणाकार हे आणखी एक बल नसून सगळ्या बलांच्या बेरजेचा परिणाम आहे आणि त्याची जागा समीकरणात, बरोबरीच्या चिन्हापलीकडे असते.

इथे एखादे मराठीचे शिक्षक मला अडवतील आणि म्हणतील की ‘दोरीने ठोकळा ओढला’ या वाक्यात दोरी हे करण आहे, साधन आहे. कर्ता दोरी धरणारा माणूस असतो. व्याकरणात त्यांचे म्हणणे खरे आहे. यंत्रशास्त्र मात्र दोरीमागच्या माणसाची चौकशी करत नाही. जो प्रत्यक्ष चिकटलेला आहे, टेकलेला आहे किंवा घासतो आहे, तोच इथे कर्ता. त्यामुळे बलांची मोजणी सोपी होते : निवडलेल्या वस्तूभोवती मनाने बोट फिरवावे, तिला काय काय स्पर्श करते ते मोजावे आणि त्यात पृथ्वीची भर घालावी, कारण तुझ्या या प्रकरणांत स्पर्शाविना ओढणारी तीच एक आहे. एवढे झाले की यादी पूर्ण. न्यूटनचा तिसरा नियमही (प्रत्येक बलाला तेवढेच, उलट दिशेचे जोडीचे बल असते) याच वाक्यांतून तपासता येतो; जोडीचे बल हवे असेल तर कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल करायची. ‘पृथ्वीने ठोकळ्याला ओढले’ याची जोडी ‘ठोकळ्याने पृथ्वीला ओढले’ ही आहे. ठोकळ्याचे वजन आणि टेबलाची वरची प्रतिक्रिया ही तिसऱ्या नियमाची जोडी आहे असे तुझ्या वहीत समासात लिहिलेले दिसले. अदलाबदल करून पाहिलीस तर ते टिकत नाही, हे तुझे तुलाच कळेल.

आता त्या गणिताकडे वळू. गुरुत्व त्वरण सोयीसाठी तूही १० घेतले आहेस, तेच ठेवू. लोंबत्या वस्तूचे वजन २० न्यूटन, म्हणून दोरीतील ताणही २० न्यूटन, असे धरून तू २० ला ३ ने भागलेस आणि त्वरण ६.६७ काढलेस. मी ज्यांना शिकवले त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांनी पहिल्या खेपेला हेच केले असेल. विहिरीवर पोहरा सोडताना काय जाणवते ते आठव. भरलेला पोहरा अधांतरी स्थिर धरला की हाताला त्याचे पूर्ण वजन लागते. दोर हातातून सरकू दिला आणि पोहरा वेग घेत खाली जाऊ लागला की हात हलका होतो, आणि झटक्याने वर खेचला की तोच पोहरा जड लागतो. पोहऱ्याचे वजन तिन्ही वेळा तेच होते. बदलला तो दोराचा ताण. तुझी लोंबती वस्तूही वेग घेत खाली जाते, म्हणून दोरीचा ताण तिच्या वजनापेक्षा कमीच असला पाहिजे.

दोन वस्तू असल्यामुळे बलांच्या दोन याद्या कराव्यात. लोंबत्या वस्तूला पृथ्वीने २० न्यूटनने खाली ओढले आणि दोरीने वर ओढले. म्हणून २० वजा ताण बरोबर २ गुणिले त्वरण. ठोकळ्याला आडव्या दिशेत फक्त दोरीने ओढले. म्हणून ताण बरोबर ३ गुणिले त्वरण. दोन्ही समीकरणांची बेरीज केली की २० बरोबर ५ गुणिले त्वरण असे मिळते. त्वरण ४ मीटर प्रति सेकंद वर्ग आणि ताण १२ न्यूटन. ताण २० पेक्षा कमी आला, म्हणजे विहिरीवरच्या अनुभवाशी उत्तर जुळले.

घर्षणाबद्दल तू काही विचारलेले नाहीस, पण ‘घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध दिशेला’ हे वाक्य तुझ्या पानावर चौकटीत आहे, म्हणून थोडे थांबतो. तुमच्या भागात द्राक्षांचे क्रेट टेम्पोत भरताना तू पाहतच असशील. टेम्पो निघतो, वेग घेतो आणि त्याच्या तळावर ठेवलेला २० किलोग्रॅमचा क्रेटही त्याच्याबरोबर पुढे वेग घेतो. क्रेटला पुढे कोणी ढकलले? स्पर्श फक्त तळाचा आहे, इंजिनाचा नाही. म्हणून कर्ता तळ, आणि तळाने क्रेटला ढकलले ते घर्षणाने, पुढच्या दिशेने. टेम्पोचे त्वरण २ असेल तर हे घर्षण ४० न्यूटन असते. घर्षण गुणांक ०.४ धरला तर तळ जास्तीत जास्त क्रेटच्या २०० न्यूटन वजनाच्या ०.४ पट, म्हणजे ८० न्यूटन देऊ शकतो, म्हणजे त्वरण ४ च्या पुढे गेले की क्रेट तळावर मागे सरकू लागेल. घर्षण विरोध करते ते दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरील सरकण्याला, आणि तो विरोध करता करता ते वस्तूला पुढेही नेऊ शकते. आपण चालतो तेही असेच. आणखी एक गोष्ट : ८० न्यूटन ही घर्षणाची कमाल मर्यादा झाली, ४० ची गरज असेल तेव्हा घर्षण ४० च असते. घर्षण गुणांक दिसला की लगेच गुणाकार करण्याची सवय सोडून द्यावी.

संवेग आणि ऊर्जा ही दोन मोजमापे कशाला, हा तुझा प्रश्न मला सर्वांत आवडला, कारण तो प्रश्न युरोपातील मोठमोठ्या विद्वानांना अनेक दशके छळत होता. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त आणि त्याचे अनुयायी गतीचे माप वस्तुमान गुणिले वेग, म्हणजे आपला संवेग, हेच मानत. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने १६८६ मध्ये त्याला हरकत घेतली आणि वेगाचा वर्ग घेतला पाहिजे, जसा आज आपण गतिज ऊर्जेत घेतो, असा आग्रह धरला. पुढे १७२० च्या दशकात हॉलंडमधील भौतिकशास्त्रज्ञ ’स ग्रावेसांडे यांनी मऊ मातीत पितळी गोळे वरून सोडून पाहिले. दुप्पट वेगाने आपटणारा गोळा दुप्पट नव्हे, तर चौपट खोलीची खळी पाडतो, असे त्यांना आढळले. एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीने या निष्कर्षाचे महत्त्व ओळखून लायब्निझची बाजू हिरिरीने मांडली. आज आपण म्हणतो की दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होत्या.

ते दोन प्रश्न पुणे-बंगळूर महामार्गावर उभे राहून पाहता येतात. एक गाडी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने येते आहे आणि ब्रेक लावल्यावर तिचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंदाने घटतो. ती २ सेकंदांत थांबते आणि तोवर १० मीटर अंतर जाते. तीच गाडी ताशी ७२ च्या वेगात असेल आणि ब्रेकचे बल तेवढेच असेल, तर थांबायला ४ सेकंद लागतात, म्हणजे दुप्पट. पण अंतर ४० मीटर जाते, म्हणजे चौपट. ‘किती वेळ बल लावावे लागेल?’ असे विचारले तर उत्तर संवेग देतो, कारण बल गुणिले वेळ म्हणजे संवेगातील बदल. ‘किती अंतरभर बल लावावे लागेल?’ असे विचारले तर उत्तर गतिज ऊर्जा देते, कारण बल गुणिले अंतर, ज्याला कार्य म्हणतात, म्हणजे ऊर्जेतील बदल. पद्धत निवडण्याची किल्लीही यातच आहे. प्रश्नात वेळ असेल, किंवा धक्का, टक्कर, स्फोट असे क्षणात उरकणारे काही असेल, तर आधी संवेगाकडे पाहावे. उंची किंवा अंतर दिले असेल, वेग विचारला असेल आणि वेळेचा कुठे उल्लेखच नसेल, तर ऊर्जेकडे जावे. त्वरण किंवा दोरीचा ताण विचारला असेल तर बलांच्या याद्यांना पर्याय नाही.

ऊर्जेच्या पद्धतीचे बळ पाहायचे असेल तर कोयनेकडे पाहा. शिवसागर जलाशयाचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेले आहे आणि कोकणात पोफळीला ते साडेचारशे मीटरहून अधिक खाली उतरते. ४५० मीटर धरले आणि घर्षण सोडून दिले, तर तोटीतून सुटणाऱ्या पाण्याचा वेग किती? बोगदा कुठे वळतो, कुठे सपाट आहे, कुठे सरळ खाली जातो, हे काही ठाऊक नसतानाही सांगता येते : १ किलोग्रॅम पाण्याने ४५०० ज्यूल स्थितिज ऊर्जा गमावली, ती गतिज झाली, म्हणून वेग ९००० चे वर्गमूळ, म्हणजे सेकंदाला सुमारे ९५ मीटर. हेच उत्तर बलांच्या यादीने काढायचे म्हटले असते तर बोगद्याच्या प्रत्येक वळणावर आपण अडकलो असतो.

मात्र या पद्धतीची एक अट आहे, आणि तुझ्या दुसऱ्या पानावर ती मोडली आहे. १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटर वेगाने येते, दोरीने टांगलेल्या १.९९ किलोग्रॅमच्या लाकडी ठोकळ्यात रुतते, आणि ठोकळा किती वर जाईल असे विचारले आहे. गोळीची ऊर्जा ८०० ज्यूल, एकूण वस्तुमान २ किलोग्रॅम, म्हणून उंची ४० मीटर, असे तू लिहून खाली दुहेरी रेघ मारली आहेस. त्याच प्रश्नात दोरीची लांबी १ मीटर दिली आहे. एक मीटर दोरीला बांधलेला ठोकळा चाळीस मीटर वर, एखाद्या बारा मजली इमारतीच्या गच्चीवर, कसा जाईल? गणित चुकणे क्षम्य आहे. पण दुहेरी रेघ मारण्यापूर्वी उत्तराच्या तोंडाकडे एकदा नीट पाहिले पाहिजे.

चूक अशी झाली की गोष्टीचे दोन प्रसंग तू एकत्र केलेस. पहिला प्रसंग गोळी रुतण्याचा आहे. तिथे लाकडाचे तंतू तुटतात, शिसे चेपते, दोन्ही तापतात. या सगळ्याला किती ऊर्जा लागली हे आपल्याला कोणी सांगितलेले नाही, म्हणून तिथे गतिज ऊर्जेचा हिशेब जुळवता येत नाही. पण गोळीने ठोकळ्याला ढकलले आणि ठोकळ्याने गोळीला अडवले, ही दोन्ही बले गोळी व ठोकळा यांच्या आपसातली आहेत. दोघांना मिळून एकच संस्था (इंग्रजीत ‘सिस्टिम’) मानले की ती घरातली देवघेव ठरते. या खिशातले त्या खिशात गेले, एकूण तेवढेच राहिले. बाहेरचे कर्ते दोन, पृथ्वी आणि दोरी, आणि ते दोघेही त्या क्षणी उभ्या रेषेत ओढतात, आडव्या नाही. म्हणून आडवा संवेग टिकतो : ०.०१ गुणिले ४०० म्हणजे ४, भागिले २, म्हणजे रुतल्यानंतरचा वेग सेकंदाला २ मीटर. दुसरा प्रसंग झोका घेण्याचा. इथे संवेग टिकत नाही, ठोकळा वर जाऊन क्षणभर थांबतोच. पण दोरी सतत गतीला काटकोनात असल्यामुळे ती काही कार्य करत नाही, आणि म्हणून ऊर्जेचा हिशेब चोख लागतो. ४ ज्यूल गतिज ऊर्जा, भागिले २० न्यूटन वजन, उंची ०.२ मीटर, म्हणजे वीस सेंटिमीटर. ८०० पैकी ७९६ ज्यूल लाकूड फाटण्यात आणि तापण्यात गेले. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये नेमकी हीच युक्ती उलट्या दिशेने मांडली होती : टांगलेला लंबक किती हलला ते मोजून बंदुकीच्या गोळीचा वेग काढायचा. लंबकाचे हलणे डोळ्यांना दिसते, गोळी दिसत नाही.

भाषेचा प्रश्न तू ओझरता लिहिला आहेस, तरी मला तो मोठा वाटतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी प्रश्नाचा अर्थ लागत नाही असे नाही. त्यातील छोट्या शब्दांत दडलेली माहिती मात्र त्यांच्या नजरेतून सुटते. ‘स्मूथ’ म्हणजे केवळ गुळगुळीत नव्हे, घर्षण शून्य घ्या अशी ती सूचना असते. ‘लाइट’ दोरी म्हणजे जिचे वस्तुमान धरायचे नाही अशी दोरी, आणि कप्पीही तशीच हलकी व घर्षणरहित असली की दोरीच्या दोन्ही टोकांना ताण सारखा येतो. ‘इनएक्स्टेन्सिबल’ म्हणजे ती ताणली जात नाही, म्हणून दोन्ही वस्तूंचे त्वरण सारखे. ‘जस्ट’ हा सर्वांत लबाड शब्द. ‘जस्ट बिगिन्स टु स्लाइड’ असे दिसले की घर्षण कमाल मर्यादेला पोहोचले आहे आणि आता मात्र घर्षण गुणांकाने गुणायचे आहे. प्रश्न इंग्रजीत वाच, पण सोडवण्यापूर्वी तो मराठीत, वहीकडे न पाहता, घरातल्या कोणाला तरी तोंडी सांगून पाहा. सांगताना जिथे अडखळशील, तिथेच गणित अडले आहे असे समज.

सोडवलेले गणित वाचून समजते याचा फार आनंद मानू नकोस. दुसऱ्याने पोहलेले काठावरून पाहण्यासारखे ते आहे, आणि कृष्णेकाठच्या मुलीला याहून अधिक सांगायला नको. उत्तर पाहावेच लागले तर फक्त पहिली ओळ पाहा, पुस्तक मिट आणि पुढचे स्वतः कर. अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीमध्ये भौतिक आणि रसायन मिळून शंभर प्रश्नांना नव्वद मिनिटे मिळतात, त्यामुळे शिकवण्यांमध्ये पहिल्या महिन्यापासून आडवाटांची सूत्रे पाठ करून घेतली जातात. मला ते पटत नाही. टेबल आणि कप्पीच्या गणिताचे तयार सूत्र टेबलावर घर्षण आले की निरुपयोगी होते. याद्यांची पद्धत मात्र एका बाणाची भर घालून तशीच चालते. वेग सरावाने वाढतो. या वर्षी दिवसाला दोनच गणिते कर, पण आकृतीतल्या प्रत्येक बाणाशेजारी त्याचा कर्ता लिहून कर.

सुरुवात त्या पहिल्याच गणितापासून कर. ठोकळा आणि लोंबती वस्तू स्थिर असताना सोडल्या. लोंबती वस्तू २ मीटर खाली आली तेव्हा वेग किती? आधी त्वरण ४ घेऊन काढ. मग दोन्ही वस्तू मिळून एक संस्था मानून ऊर्जेने काढ. दोन्हीकडून ४ मीटर प्रति सेकंद आले पाहिजे. त्यानंतर १२ न्यूटनच्या ताणाने या २ मीटरमध्ये ठोकळ्यावर किती कार्य केले आणि लोंबत्या वस्तूवर किती केले, ते चिन्हासकट वेगवेगळे लिही आणि त्यांची बेरीज कर. बेरीज शून्य आली नाही तर ते पान मला पुन्हा पाठव, आणि या वेळी खोडलेले बाणही दिसू देत.